अग्निशमन दल हवंच, पण सुरुवात गाडीपासून नको

प्रश्न थोडक्यात असा. किनाऱ्यावरचं २२ हजार वस्तीचं शहर. आग लागली की ३८ किलोमीटरवरच्या मोठ्या शहरातून बंब यावा लागतो. शिमग्यानंतर बाजारपेठेत तीन दुकानं जळाली, तेव्हापासून सभागृहात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, स्वतःचं दल उभारू, गाडीसाठी निधी मिळतोय तो घेऊ. दुसरा म्हणतो, वर्षाला दहा-पंधरा आगी लागतात, तेवढ्यासाठी कायमचा पगार कशाला? शेजारच्या शहराला आणि एमआयडीसीला दर फेरीचे पैसे देऊ. विचारणाऱ्या ताई त्याच सभागृहात नगरसेविका आहेत आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांना मत द्यायचं आहे.

ताई, माझी ३१ वर्षं या सेवेत गेली, त्यातली बरीचशी रायगड आणि रत्नागिरीच्या नगरपरिषदांत. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, दल उभारा. पण ज्या ठरावावर तुम्हाला मत द्यायला सांगतायत, तो बहुधा गाडी खरेदीचा असेल, आणि त्याला मात्र आहे तसा हात वर करू नका. का, ते सांगतो.

आधी अंतर बघा. ३८ किलोमीटर म्हणजे मुंबईकराला अर्धा-पाऊण तास वाटतो. पाण्याने भरलेला बंब कोकणातल्या वळणांवरून ताशी ४० च्या वर सरासरी काढत नाही, म्हणजे जवळजवळ तासभर. त्यात वर्दी, म्हणजे मदतीचा निरोप, मिळून गाडी बाहेर पडायला लागणारा वेळ आणि पावसाळ्यात दरड, झाड, पुलावरचं पाणी. आपल्याकडे शहरात पहिली गाडी ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोचावी, असा मापदंड धरला जातो. तो कुणी लहरीने ठरवलेला नाही. बंद खोलीत गादी किंवा सोफा पेटला, तर काही मिनिटांतच छताखालचा धूर इतका तापतो की खोलीतलं सगळं एकदम पेट घेतं. त्याच्या आत पोचलात तर एक खोली जाते, नंतर पोचलात तर घर जातं. तासाने पोचणाऱ्या बंबाचं काम उरतं ते शेजारचं घर वाचवायचं आणि राख थंड करायचं. तुमच्या तीन दुकानांच्या बाबतीत हेच झालं असणार. पहिलं दुकान पेटलं तेव्हा गाडी निघाली असेल आणि तिसरं निम्मं जळाल्यावर पोचली असेल.

सभागृहात कुणीतरी नक्की म्हणेल की केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषाप्रमाणे ५० हजार लोकसंख्येमागे एक पंप, म्हणजे एक बंब, आपण तर निम्म्यालाही पोचत नाही. त्यांना सांगा, हा निकष लोकसंख्येवरून किती गाड्या लागतील ते सांगतो. शेजारची गाडी तासाभराच्या अंतरावर असेल तर काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. आणि मे महिन्यात चाकरमानी आले, गणपतीत आले, की तुमचं शहर २२ हजारांचं राहतं का? प्रत्येक होमस्टेच्या मागच्या पडवीत दोन-दोन सिलिंडर उभे असतात, तेव्हाच नेमकी माणसं दाटलेली असतात. शिवाय आग विझवणं आणि आगीत जीव-मालमत्ता वाचवणं ही १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातली बंधनकारक कर्तव्यं आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा घातली तीही नगरपालिकांच्याच कामांत. तेव्हा 'हे आपलं काम आहे का' हा वाद मिटलेला आहे. ते कसं करायचं एवढाच प्रश्न उरतो.

आता गाडीचं. एका छोट्या नगरपंचायतीत मी पाहणीला गेलो होतो, नाव घेत नाही. निधीतून आलेला बंब होता, तीन वर्षांचा, लालभडक. शेड बांधलेली, तिच्यावर पाटी. मी म्हटलं, बाहेर काढा. चालक ठेकेदाराकडून आलेला, भला मुलगा. त्याने चावी फिरवली. टक् असा एक आवाज आला आणि पुढे काही नाही. बॅटरी उतरलेली. पाण्याच्या टँकरने ओढून गाडी चालू केली. मागचं लॉकर उघडलं तर होज, म्हणजे पाणी मारायचे लांब पाइप, ओलेच गुंडाळून ठेवलेले. एक उलगडून पाणी सोडलं तर सात-आठ ठिकाणी कारंजी उडाली. खाऱ्या हवेने होज जोडायच्या कपलिंगच्या स्प्रिंगा गंजून धरलेल्या. मी त्याला विचारलं, वर्दी आली तर तुझ्याबरोबर कोण? तो म्हणाला, "साहेब, दिवसा आरोग्य विभागातले दोघं येतात. रात्री मी एकटाच." त्याला गाडी चालवायला शिकवलं होतं. पंप लावायला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या मुलाचा दोष काडीचा नव्हता. दोष होता तो ठराव करणाऱ्यांचा, ज्यांनी दल म्हणजे गाडी असं समजून गाडी घेतली. गाडीला निधी मिळतो, शेडला मिळतो, उद्घाटनाला फोटो मिळतो. पगाराला सहसा निधी मिळत नाही, आणि म्हणून तोच भाग प्रत्येक ठिकाणी मागे पडतो.

हिशोब मांडून दाखवतो. एका गाडीवर किमान सहा माणसं लागतात: एक प्रमुख, सब ऑफिसर किंवा लीडिंग फायरमन; एक चालक-यंत्रचालक, जो पंप सोडून कुठे जाणार नाही; आणि चार फायरमन. चार का, तर धुरात माणूस एकटा आत जात नाही, जोडीने जातो, आणि आत गेलेल्या जोडीसाठी बाहेर दुसरी जोडी तयार लागते. तीन पाळ्यांची अठरा माणसं झाली. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण धरलं की बावीस-चोवीस. एका माणसावर महिन्याला सरासरी ३० हजार धरले तर नुसत्या अठरा जणांचे वर्षाला जवळजवळ ६५ लाख होतात. तुमच्या शहराचं स्वतःचं उत्पन्न किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. हा आकडा ऐकून दुसरा तट 'बघा, आम्ही म्हणत होतो' म्हणेल. म्हणू द्या. तो आकडा लपवून घेतलेली गाडी दोन वर्षांत वरच्या गाडीसारखी होते, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

मग एवढं परवडत नसेल तर काय? बारा माणसांनी सुरुवात करता येते, चौघांची एक पाळी. पण मग गाडीही चौघांना झेपेल अशी घ्यायची आणि कामाची मर्यादा लेखी ठरवायची: चौघांत धुराने भरलेल्या इमारतीत खोलवर शिरायचं नाही. बाहेरून मारा, शेजारची घरं वाचवणं, अडकलेला माणूस दारा-खिडकीच्या हाताशी असेल तर काढणं, इतकं चौघं चांगलं करतात. बारा-पंधरा किलोमीटरवर दुसरी नगरपंचायत असेल तर दोघांनी मिळून एकच दल करणं याहून चांगलं. खर्च वाटला जातो, माणसं पुरेशी राहतात. अशा जोड-दलाला दोन्ही सभागृहांची मान्यता आणि पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं आणि किती, शासनाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करा. गाडीची निविदा दोन महिन्यांत निघते, पदं निघत नाहीत.

आता गाडी कोणती. कंपनीचा माणूस ४५०० लिटरचा बंब दाखवेल. बाजारपेठेसाठी तो ठीक आहे. पण तुमच्या शहरातल्या किती वाड्यांत तो शिरतो? मी एका वर्दीला गेलो होतो. व्हाळाच्या पलीकडे घर पेटलेलं, व्हाळावर साकव, त्यावरून दुचाकीच जेमतेम जाते. गाडी अलीकडे उभी केली आणि १५ मीटरचा एक असे चौदा होज जोडत पाखाडीने वर चढलो. घर गाडीपेक्षा उंचावर, दर दहा मीटर चढाला एक बार दाब जातो, होजमधल्या घर्षणात आणखी जातो. होजच्या टोकाच्या ब्रँचमधून पाणी आलं ते बागेला घालतात तसं. ते घर वाचलं नाही. शेजारचं वाचलं, आणि ते आमच्यामुळे वाचलं असं मी म्हणणार नाही. वाडीतल्या बायकांनी गडग्याजवळच्या विहिरीवरून हंडे लावले होते आणि दोन मुलं शेजारच्या कौलांवर बसून ओली गोणपाटं पसरत होती. आम्ही पोचायच्या आधी अर्धा तास ते चाललं होतं.

त्यानंतर मी नेहमी सांगत आलो: पहिली गाडी छोटी घ्या. पिकअप किंवा लहान ट्रकच्या चॅसीवरची, दीड-दोन हजार लिटरची, उच्च दाबाचं होजरील (रिळावर गुंडाळलेला बारीक होज) असलेली. सोबत दोघांना उचलता येईल असा पोर्टेबल पंप, झाड कापायची चेनसॉ, दोर, शिडी, आणि किमान चार श्वसनयंत्रं. मोठा बंब दुसऱ्या टप्प्यात.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा विषय सभागृहात कुणी काढत नाही. ४५०० लिटर ऐकायला खूप वाटतं. दोन होज लावले आणि प्रत्येकातून मिनिटाला साधारण ४५० लिटर गेलं तर टाकी पाच मिनिटांत रिकामी. पुढचं पाणी कुठून? 'विहिरी आहेत की' असं सगळे म्हणतात. बंबाचा पंप वरून पाणी ओढतो तेव्हा पाण्याची पातळी पंपापासून सात-साडेसात मीटरपेक्षा खाली असून चालत नाही. हवेच्या दाबाचीच ती मर्यादा आहे, कितीही महागडा पंप आणा. आपल्या जांभ्यातल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये कुठे गेलेल्या असतात ते तुम्हीच सांगा. आणि आगी लागतात त्याही त्याच दिवसांत: सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, गवत वाळलेलं, शेत भाजायच्या भाजावळीचा विस्तव वाऱ्याने सुटतो, वणवा हापूसच्या कलमांत शिरतो आणि तिथून गोठ्याच्या पेंढ्याला. म्हणून दरवर्षी १४ ते २० एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह असतो, त्या आठवड्यात शहरातली प्रत्येक सार्वजनिक विहीर दोर सोडून मोजा. पाणी किती खोल, गाडी किती जवळ जाते, इतकंच लिहायचं. जिथे सात मीटरच्या आत पाणी आहे त्या विहिरीच्या कठड्याला लाल पट्टा मारा. बाकीच्यांसाठी पोर्टेबल पंप खाली उतरवावा लागेल किंवा पाण्यात तरंगणारा पंप लागेल, हे आधीच ठाऊक असू द्या. मात्र इंजिनवरचा पंप विहिरीत उतरवून चालू करायचा आणि माणूसही आत ठेवायचा, हे कधीही नाही. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासही येऊ देत नाही. एक उतरतो तो पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो तोही पडतो. अशा वर्दीवर मी गेलोय. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही, कंदील जळत राहतो आणि माणूस जातो. श्वसनयंत्र घातलेला, कमरेला दोर असलेला माणूसच उतरवायचा.

खाडीचं पाणी वापरता येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक नियंत्रण कक्षात लावा, नाहीतर गाडी चिखलाकडे तोंड करून उभी राहते. आणि खारं पाणी ओढलं की परत आल्यावर गोड्या पाण्याने पंप आणि होज धुतल्याशिवाय पाळी संपली असं धरायचं नाही.

पण कोकणाला एक देणगी आहे, ती कुणी वापरत नाही. तुमची पाण्याची टाकी सड्यावर असेल आणि बाजारपेठ खाली. पन्नास मीटरचा उतार असेल तर फक्त उंचीमुळे सुमारे पाच बार दाब मिळतो. वीज नको, पंप नको. टाकीतून वेगळी जलवाहिनी थेट बाजारपेठेत उतरवून चार-पाच ठिकाणी हायड्रंट (होज जोडायचे मोठे नळ) बसवले, आणि टाकीतलं शेवटचं काही पाणी आगीसाठी राखून ठेवलं, तर गाडी यायच्या आधी दुकानदारच होज जोडून उभे राहू शकतात. नेहमीच्या नळाच्या वाहिनीवर हायड्रंट बसवू नका, तिला दिवसातून एकदाच पाणी असतं. वाहिनी अरुंद घेतली तर घर्षणात दाब जातो, म्हणून अभियंत्याकडून व्यास काढून घ्या. कपलिंग शेजारच्या शहराच्या आणि एमआयडीसीच्या होजला बसेल असंच घ्या. माझ्या मते तुमच्याकडे एक रुपया असेल तर त्यातले पहिले चार आणे इथे खर्च करा.

दुसऱ्या तटाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शेजारच्या शहराशी आणि एमआयडीसीशी करार हवाच, दल उभारल्यावर तर जास्तच हवा. महामार्गावर गॅसचा टँकर उलटला किंवा काजूच्या कारखान्यात टरफलांना आग लागली, की तुमची छोटी गाडी एकटी पुरी पडणार नाही. काजूच्या टरफलातलं तेल डांबरासारखं पेटतं, त्याला फोम लागतो, तो त्यांच्याकडे असतो. बर्फ कारखान्यातून अमोनिया सुटला तरी तेच. पण करार लेखी करा: कुणी फोन करायचा, कुणाला करायचा, किती गाड्या येतील, पैसे नंतर कसे द्यायचे. एमआयडीसीच्या बंबाची पहिली जबाबदारी त्यांच्या कारखान्यांची असते, त्यामुळे 'ते येतीलच' यावर शहर सोडता येत नाही. आणि एक साधी गोष्ट आजच करा. शहरातून मोबाइलवरून १०१ लावा आणि तो नक्की कुठे वाजतो ते बघा.

'वर्षाला दहा-पंधरा आगी' हा आकडा मात्र फसवा आहे. दल फक्त आगीसाठी नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा झाडं आणि खांब आडवे पडून रस्ते बंद झाले होते, बाहेरची गाडी येणार कुठून? जो गावात होता त्याच्या हातात चेनसॉ होती की नव्हती, एवढंच कामाला आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाडला तारिक गार्डन ही इमारत कोसळली, १६ जण गेले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. एनडीआरएफचा, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा, तळ पुण्याजवळ आहे. ती माणसं फार चांगली आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलंय. पण घाट उतरून यायला तास लागतात, आणि पुरात रस्ताच नसतो. पहिले तास स्थानिक माणसांचे असतात. विहिरीत पडलेलं पोर, समुद्रात ओढला गेलेला पर्यटक, अपघातात चेपलेल्या गाडीत अडकलेला चालक, हे सगळं मोजा आणि मग सांगा वर्षाला किती वर्द्या.

केंद्र बांधायची जागा ठरवताना पूररेषेचा नकाशा मागवा. नदीकाठची पालिकेची मोकळी जागा फुकट असते म्हणून तिथे शेड उभी राहते आणि पहिल्याच मोठ्या पुरात बंबच पाण्यात जातो. निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) दोन्ही रेषांच्या वर, आणि पूल न ओलांडता बाजारपेठेत पोचता येईल अशी जागा निवडा.

पैशाबाबत एक मुद्दा. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम नगरपरिषदेला अग्निशमन सेवा शुल्क घ्यायचा अधिकार देतो. किनाऱ्यावर जी हॉटेलं आणि सदनिका उभ्या राहतायत, त्यांच्याकडून ते घेतलं जातंय का, आणि कुठल्या लेखाशीर्षात पडतंय, हे मुख्याधिकाऱ्यांना विचारा. ते गटार-रस्त्यात मिसळू देऊ नका. त्याच कायद्यात मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, आपली आगरोधक यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते तपासायला तुमच्याकडे माणूस नाही, म्हणून कुणी देत नाही. दलातला एक अधिकारी हे काम करू लागला की कित्येक आगी लागायच्या आधीच टळतात.

तेव्हा सभेत दुरुस्ती सुचवा: गाडी खरेदीच्या ठरावाआधी पदनिर्मितीचा प्रस्ताव, सड्यावरच्या टाकीपासून हायड्रंट वाहिनीचं अंदाजपत्रक, शेजारच्या शहराशी करार; आणि गाडी छोटी. दरम्यान वाट बघत बसू नका. राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात, मुंबईत कालिन्याला, फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. शहरातली पाच-सहा मुलं-मुली आत्ताच तयार करा, पदं मंजूर होईपर्यंत त्यांचं शिक्षण पुरं होईल. निवडताना धावणं, उंची, छाती सगळं मोजतील, ते मोजू द्या. तुम्ही खारवीवाड्यातली आणि खाडीकाठची मुलं पुढे आणा, भरल्या व्हाळातून दोर पलीकडे नेता येणारी. आणि अर्ज भरून घेताना ज्यांच्या घरापासून केंद्र पायी दहा मिनिटांवर आहे, त्यांची नावं वर ठेवा. रात्री दोनला भोंगा वाजला की पाळीवर नसलेलीही तीच आधी धावत येतात.